चार्टवरची लेबलं: हाताने टाइप न करता नीट कशी लावायची

एका अहवालासाठी मी एकदा स्तंभालेख केला होता. सगळं जुळून आलं होतं, फक्त एका स्तंभावरचा आकडा मला हवा तसा दिसेना. कंटाळून त्या लेबलावर क्लिक केलं, आकडा खोडला आणि हाताने नवा टाइप केला. दोन दिवसांनी सुधारित आकडे आले. तक्ता बदलला, स्तंभ आपोआप वर-खाली झाले, पण ते एक लेबल जुनाच आकडा धरून बसलं. छापून आल्यावर कळलं, कारण शेजारच्यापेक्षा उंच असलेल्या स्तंभावर शेजारच्यापेक्षा लहान आकडा होता आणि तो सगळ्यांत आधी ज्याला दिसला त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

तेव्हापासून मी चार्टमध्ये एकही अक्षर टाइप करत नाही. जे दिसायला हवं ते आधी सेलमध्ये आणायचं आणि सेलमधून लेबलात न्यायचं. खाली जे काही आहे ते याच एका सवयीभोवती फिरतं.

लेख एक्सेल समोर ठेवून लिहिला आहे, कारण लेबलांचे पर्याय तिथे सर्वांत जास्त आहेत. मेन्यूची नावं २०१३ आणि नंतरच्या आवृत्त्यांमधली आहेत. गूगल शीट्स आणि लिब्रऑफिस कॅल्क यांत काय वेगळं पडतं ते शेवटी येईल.

उदाहरणाचा तक्ता

एक वाचनालय घेऊ. पहिल्या स्तंभात विभाग, दुसऱ्यात गेल्या वर्षी वाचकांनी नेलेली पुस्तकं, तिसऱ्यात यंदाची.

| विभाग | गेल्या वर्षी | यंदा |
|---|---|---|
| कथा-कादंबरी | १८०५ | १९४२ |
| बालसाहित्य | ९०२ | १२८४ |
| चरित्र | ६४० | ६१३ |
| विज्ञान | ३८९ | ४०७ |
| प्रवासवर्णन | ३०१ | २८८ |
| कविता | ८८ | ९६ |

विभाग आणि यंदाचे आकडे निवडून साधा कॉलम चार्ट घाला. (तुमच्या पहिल्या स्तंभात विभागांऐवजी वर्षं असतील तर तक्त्याचा डाव्या कोपऱ्यातला वरचा सेल रिकामा ठेवा. तिथे ‘वर्ष’ असं शीर्षक असलं की एक्सेल बहुतेक वेळा वर्षांनाही आकडेच समजतं आणि त्यांचे वेगळे स्तंभ उभे करतं.)

लावणं सोपं, निवडणं अवघड

चार्टवर क्लिक केल्यावर उजव्या बाजूला अधिकचं हिरवं चिन्ह दिसतं. त्यात ‘डेटा लेबल्स’समोर खूण केली की प्रत्येक स्तंभावर आकडा येतो. इथपर्यंत सगळे पोहोचतात. घोळ त्यापुढच्या क्लिकमध्ये असतो.

कुठल्याही एका लेबलावर एकदा क्लिक केलं की त्या मालिकेची (तक्त्यातल्या एका स्तंभातून आलेल्या आकड्यांच्या गटाची) सगळी लेबलं एकत्र निवडली जातात; प्रत्येकाभोवती छोटे ठिपके दिसतात. थोडं थांबून त्याच लेबलावर पुन्हा एकदा क्लिक केलं की बाकीचे ठिपके जातात आणि ते एकटं निवडलं जातं. तिसऱ्या क्लिकला कर्सर आत शिरतो आणि तुम्ही मजकूर बदलायच्या अवस्थेत जाता. नेमका इथेच चुकून एखादा आकडा टाइप होतो आणि त्या लेबलाचा तक्त्याशी संबंध तुटतो. काय निवडलं गेलंय याची खात्री नसेल तर एस्केप दाबा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. रिबनवरच्या ‘फॉरमॅट’ टॅबमध्ये अगदी डावीकडे एक लहान यादी असते, तीत सध्या निवडलेल्या भागाचं नाव दिसतं. गर्दीच्या चार्टमध्ये मी माउसपेक्षा त्या यादीवर जास्त भरवसा ठेवतो.

संबंध आधीच तुटलेला असेल तर त्या लेबलावर राइट क्लिक करून ‘रिसेट लेबल टेक्स्ट’ निवडा. दुसऱ्याने बनवलेली फाइल हाती आली की मी ही गोष्ट आधी करतो, सगळ्या मालिकांवर.

लेबलं निवडलेली असताना कंट्रोल आणि १ दाबलं (मॅकवर कमांड आणि १) की उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’चं पॅनल उघडतं. यापुढचं बहुतेक काम तिथेच.

आकड्याचं रूप: फॉरमॅट कोड

पॅनलमध्ये चार स्तंभांचं छोटं चित्र असलेला ‘लेबल ऑप्शन्स’चा भाग असतो. तिथे अगदी खाली ‘नंबर’ नावाची बंद घडी असते, ती उघडा. ‘लिंक्ड टु सोर्स’समोर खूण असेपर्यंत लेबल सेलचं रूप जसंच्या तसं घेतं. माझा कल ती खूण राहू देण्याकडे आहे, म्हणजे सेलचं रूप बदललं की चार्टचंही बदलतं. पण तक्त्यात पूर्ण आकडा हवा आणि चार्टवर आटोपशीर हवा, असं पुष्कळदा होतं. तेव्हा ‘फॉरमॅट कोड’च्या चौकटीत कोड लिहायचा आणि शेजारचं ‘अ‍ॅड’ बटण दाबायचं. बटण दाबलं नाही तर काहीच घडत नाही, आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

कोडचे चार भाग असतात, अर्धविरामाने वेगळे केलेले: धन संख्या, ऋण संख्या, शून्य आणि मजकूर, याच क्रमाने. एवढं कळलं की पुष्कळ दारं उघडतात.

शून्याची लेबलं नकोत? तिसरा भाग रिकामा सोडा:

`#,##0;-#,##0;;`

वाढ-घट दाखवायची आहे आणि चिन्ह बाणाचं हवंय?

`▲0%;▼0%;0%`

पाच टक्क्यांहून लहान तुकड्यांवर लेबल नको? चौकटी कंसात अट घाला:

`[<0.05]"";0%`

आता मराठी वाचकाला सगळ्यांत जास्त खटकणारी गोष्ट. १,२३,४५,६७८ हा आकडा चार्टवर पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांनी तुटतो. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांची गटवारी बदलली की एक्सेल ती पाळतं, पण फक्त तुमच्या संगणकावर. तीच फाइल दुसरीकडे उघडली की स्वल्पविराम पुन्हा हलतात. कोडमध्येच गटवारी लिहिली तर ती फाइलबरोबर जाते:

`[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0`

उलट्या तिरक्या रेघेनंतरचं चिन्ह जसंच्या तसं छापलं जातं, म्हणून स्वल्पविराम आपल्याला हवा तिथे बसतो. मर्यादा एकच: एका कोडमध्ये दोनच अटी मावतात आणि त्या इथे धन संख्यांवर खर्च झाल्या आहेत. ऋण संख्या तिसऱ्या भागात पडतात, म्हणून त्यांना मात्र तीन-तीनचीच गटवारी मिळते.

लेबलावर ‘१२.३५ लाख’ असं हवं असेल तर आणखी एक युक्ती आहे. कोडच्या शेवटी लावलेला प्रत्येक स्वल्पविराम संख्येला हजाराने भागतो. हजार, दशलक्ष, अब्ज एवढेच टप्पे मिळतात. लाख आणि कोटी त्यात बसत नाहीत. म्हणून हजाराने भागायचं आणि उरलेल्या संख्येत शेवटच्या दोन अंकांआधी खोटा दशांशबिंदू खुपसायचा:

`0\.00," लाख"`

1234567 ही संख्या आधी 1235 होते, मग 12.35 लाख दिसते. मूळ मूल्याला धक्का लागत नाही, त्यामुळे स्तंभाची उंची बरोबरच राहते. कोटीसाठी दोन स्वल्पविराम आणि बिंदूनंतर एकच शून्य: `0\.0,," कोटी"`. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही लबाडी वाटली होती. आता दर महिन्याला वापरतो.

लेबलात देवनागरी अंक हवे असतील तर कोडच्या आरंभी भाषेचा क्रमांक जोडा:

`[$-4000439]#,##0`

सगळ्या कोडमधली शून्यं आणि चिन्हं इंग्रजी कीबोर्डवरचीच हवीत, देवनागरी ० चालत नाही. अवतरणचिन्हंही सरळ हवीत. वर्डमधून कोड चिकटवला की तिथली वळणदार अवतरणचिन्हं सोबत येतात आणि एक्सेल कोड नाकारतं.

जागा, आणि अक्षाला निरोप

कॉलम चार्टमध्ये लेबल चार ठिकाणी बसतं: मध्यभागी, आत वरच्या टोकाशी, आत पायाशी आणि बाहेर टोकावर. साध्या स्तंभांसाठी बाहेरची जागा उत्तम. गडद स्तंभावर काळा आकडा वाचण्याची कसरत करावी लागत नाही. आतच ठेवायचं असेल तर अक्षर पांढरं करा, आणि सर्वांत बुटका स्तंभ पाहा. आपल्या तक्त्यात कवितेचा स्तंभ ९६ चा आहे, शेजारी कथा-कादंबरी १९४२. त्या चिमुकल्या स्तंभात आतलं लेबल मावणारच नाही.

प्रत्येक स्तंभावर आकडा आला की डावीकडचा उभा अक्ष आणि आडव्या जाळीरेषा यांचं काम संपतं. निवडा आणि डिलीट करा. पण त्याआधी अक्षाच्या पॅनलमध्ये ‘मिनिमम’च्या चौकटीत शून्य स्वतः टाइप करा. सगळी मूल्यं एकमेकांच्या जवळ असतील, म्हणजे सर्वांत लहान मूल्य सर्वांत मोठ्याच्या पाच-षष्ठांशाहून जास्त असेल, तर एक्सेल अक्ष आपोआप शून्याच्या वर सुरू करतं. अक्ष दिसत असताना ते निदान कळतं. अक्ष काढल्यावर जेमतेम पाच टक्क्यांचा फरक दुपटीएवढा वाटतो आणि का ते वाचकाला कळायला मार्ग उरत नाही.

सगळ्याच स्तंभांना लेबल हवं का, हाही प्रश्न इथेच विचारा. बारा महिने आणि तीन मालिका म्हणजे छत्तीस आकडे. एवढे आकडे द्यायचे असतील तर सरळ तक्ता द्या, वाचक दुवा देतील.

सेलमधून लेबल

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पर्याय हा आहे, आणि अनेक जण तो वर्षानुवर्षं पाहूनही उघडत नाहीत. आपल्याला बालसाहित्याच्या स्तंभावर फक्त १२८४ नकोय. ‘१२८४, गेल्या वर्षीपेक्षा ४२ टक्के जास्त’ हे सांगायचंय. स्तंभाची उंची एका संख्येवर ठरते, लेबलात मात्र दोन हव्यात.

तक्त्याला चौथा स्तंभ जोडा, नाव द्या ‘बदल’. त्यात यंदाचा आकडा भागिले गेल्या वर्षीचा, वजा एक. सेलला वरचा बाणाचा कोड लावा. बालसाहित्यासमोर ▲42% दिसेल, चरित्रासमोर ▼4%. आता चार्टवरची लेबलं निवडा, पॅनलमध्ये ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’समोर खूण करा, विचारलेल्या चौकटीत चौथ्या स्तंभाचे सहा सेल निवडा (शीर्षक सोडून, हे विसरलं की सगळी लेबलं एकेक घर सरकतात). ‘व्हॅल्यू’ची खूण राहू द्या आणि ‘सेपरेटर’मध्ये ‘न्यू लाइन’ निवडा. दोन ओळींचं लेबल तयार. ‘शो लीडर लाइन्स’ची (लेबल आणि बिंदू जोडणाऱ्या बारीक रेघांची) खूण काढून टाका, इथे तिचा उपयोग नाही.

सेलमध्ये दिसणारं रूप लेबलात येतं, म्हणून बाणही येतो. सेलचा रंग मात्र येत नाही. घट लाल दिसायला हवी असेल तर ते लेबल एकेकटं निवडून रंगवावं लागतं, आणि पुढच्या वर्षी चरित्र वाढलं तरी ते लालच राहील. हाताने टाइप केलेल्या आकड्याचाच हा भाऊ. बाणावर भागवा.

एखाद्या लेबलात पूर्ण वाक्य हवं असेल तर पाचवा स्तंभ करा आणि & चिन्हाने तुकडे जोडा: विभागाचं नाव, मधे अवतरणचिन्हांत स्वल्पविराम आणि मोकळी जागा, मग बदलाचा सेल. पण & ने जोडताना सेलचं रूप गळून पडतं आणि कच्ची संख्या उरते. ४२ टक्क्यांऐवजी 0.4235 आणि त्यापुढे आकड्यांची लांबलचक शेपूट दिसते. म्हणून बदलाचा सेल ‘टेक्स्ट’ या फंक्शनमध्ये गुंडाळा आणि त्याला दुसरा घटक म्हणून फॉरमॅट कोड अवतरणचिन्हांत द्या. मधे ओळ तोडायची असेल तर ‘कॅर’ फंक्शनला १० हा क्रमांक द्या.

दोन धोके. तक्ता मोठ्याकडून लहानाकडे लावताना चौथा स्तंभ बाहेर राहिला, तर नावं एकीकडे आणि बाण दुसरीकडे जातात. म्हणून क्रम लावण्याआधी सगळा तक्ता निवडला आहे का ते पाहा. आणि ही सोय २०१३ मध्ये आली, त्यामुळे २०१० मध्ये फाइल उघडणाऱ्याला लेबलाच्या जागी चौकटी कंसातला ‘सेलरेंज’ असा शब्द दिसेल.

एकाच बिंदूला वेगळं लेबल द्यायचं असेल तर त्याहून छोटा मार्ग आहे. ते एकटं लेबल निवडा, वर फॉर्म्युला बारमध्ये क्लिक करा, बरोबरचं चिन्ह टाइप करा, हव्या त्या सेलवर क्लिक करा आणि एंटर. लेबल त्या सेलला बांधलं गेलं. चार्टच्या शीर्षकालाही हीच रीत लागू पडते. ‘यंदा एकूण ४६३० पुस्तकं वाचकांकडे गेली’ हे शीर्षक सेलमध्ये सूत्राने तयार करा. मग आकडे बदलले की मथळाही बदलतो.

स्कॅटर चार्टमध्ये (दोन आकड्यांवरून ठिपके मांडणाऱ्या) तर सेलमधून लेबल घेतल्याशिवाय गत्यंतरच नाही. तिथे आपोआप येणारं लेबल उभ्या अक्षावरचं मूल्य असतं, आणि ठिपका कोणाचा हे कळत नाही. नावांचा स्तंभ ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ने द्या आणि ‘वाय व्हॅल्यू’ची खूण काढा. ठिपके दाटले असतील तर लेबलं हाताने ओढून दूर न्या. तिथे मात्र लीडर लाइन्स हव्यात.

स्टॅक केलेल्या स्तंभावर बेरीज

प्रत्येक विभागाची पुस्तकं प्रौढ सभासदांनी किती नेली आणि बालसभासदांनी किती, असा एकावर एक रचलेला स्तंभ केलात की दोन अडचणी येतात. बाहेर टोकावर लेबल ठेवायचा पर्यायच नाहीसा होतो, आणि एकूण बेरीज दाखवायला जागा राहत नाही. तिच्यासाठी चार्टला थोडं फसवावं लागतं.

१. तक्त्यात बेरजेचा स्तंभ जोडा आणि त्यासकट स्टॅक्ड कॉलम चार्ट काढा. स्तंभ दुप्पट उंच दिसतील, घाबरू नका.

२. बेरजेच्या भागावर राइट क्लिक करून ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’ उघडा आणि फक्त त्या मालिकेला ‘लाइन’ द्या. साधी लाइन, ‘स्टॅक्ड लाइन’ नव्हे.

३. त्या रेषेला डेटा लेबल्स लावा, जागा ‘अबव्ह’.

४. रेषेचा रंग ‘नो लाइन’ करा. रेषा गेली, आकडे स्तंभांच्या डोक्यावर तरंगत राहिले.

५. लेजंडमध्ये (कोणता रंग कशाचा हे सांगणाऱ्या यादीत) ‘बेरीज’ या नावावर दोनदा सावकाश क्लिक करून डिलीट करा.

रेषेच्या टोकाला नाव

लाइन चार्टमध्ये प्रत्येक महिन्यावर आकडा लावणं म्हणजे रेषेवर मुंग्या सोडणं. बहुतेक वेळा शेवटच्या बिंदूवर मालिकेचं नाव आणि ताजा आकडा एवढं पुरतं. मग लेजंडही काढून टाकता येतं आणि कोणती रेषा कोणाची हे रंग जुळवून शोधावं लागत नाही.

झटपट मार्ग: रेषेवर एकदा क्लिक, शेवटच्या बिंदूवर पुन्हा एकदा, राइट क्लिक, ‘अ‍ॅड डेटा लेबल’. पॅनलमध्ये ‘सिरीज नेम’ची खूण, जागा ‘राइट’. प्लॉट एरियाची (रेषा काढलेल्या आतल्या चौकटीची) उजवी कड थोडी आत ओढा, नाहीतर नाव रेषेवरच चढतं.

पण पुढच्या महिन्यात नवा बिंदू आला की लेबल जुन्या बिंदूवरच अडकून पडतं. दरमहा चार्ट ताजा करायचा असेल तर ‘शेवटचा’ नावाचा आणखी एक स्तंभ करा. त्यात अट अशी: या ओळीतला महिना हा महिन्यांच्या स्तंभातला सर्वांत मोठा असेल तर इथला आकडा, नाहीतर ‘एनए’ फंक्शन (ते ‘मूल्य नाही’ अशी त्रुटी देतं, म्हणून तिथे ठिपका येत नाही). महिने मात्र खऱ्या तारखा म्हणून भरलेले हवेत, मजकूर म्हणून नव्हे. ही मालिका चार्टमध्ये घाला, तिला फक्त ठिपका द्या आणि लेबल तिलाच लावा. तक्ता कंट्रोल आणि टी दाबून टेबल केलेला असेल तर नवी ओळ आपोआप चार्टमध्ये येते आणि लेबल पुढच्या बिंदूवर उडी मारतं. स्तंभालेखात ही युक्ती वापरू नका. तिथे रिकाम्या जागांवर त्रुटीचा शब्दच लेबल म्हणून उमटू शकतो.

अक्षाखालची नावं

आडव्या अक्षावरची नावं मावत नसली की एक्सेल ती तिरकी करतं, तरीही मावली नाहीत तर मधली काही गाळतं. गाळलेली परत हवी असतील तर अक्षाच्या पॅनलमध्ये ‘लेबल्स’ उघडा आणि ‘स्पेसिफाय इंटरव्हल युनिट’मध्ये १ लिहा. तिरकेपणा ‘साइझ अँड प्रॉपर्टीज’मधल्या ‘कस्टम अँगल’ने ठरतो.

माझा सल्ला: तिरकं करूच नका, स्तंभ आडवे करा. आडव्या बार चार्टमध्ये नावांना हवी तेवढी रुंदी मिळते आणि मान वाकडी करावी लागत नाही. फक्त तिथे क्रम उलटा होतो, तक्त्यातली पहिली ओळ सर्वांत खाली जाते. अक्षाच्या पॅनलमधली ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’ची खूण तो सरळ करते. स्तंभ उभेच हवे असतील तर सेलमध्येच ऑल्ट आणि एंटर दाबून नाव दोन ओळींत तोडा. अक्षावरही ते तसंच तुटतं.

ऋण मूल्यं असलेल्या चार्टमध्ये नावं शून्याच्या रेषेला चिकटलेली असतात आणि खाली जाणारे स्तंभ त्यांच्यावरून जातात. ‘लेबल पोझिशन’मध्ये ‘लो’ निवडा, नावं तळाशी जातात. मला हा पर्याय सापडायला दोन वर्षं लागली होती, तोवर मी नावं पुसून तिथे टेक्स्ट बॉक्स ठेवत होतो.

तारखांच्या अक्षाचं वेगळंच. एक्सेल तारखा ओळखून ‘डेट अ‍ॅक्सिस’ करतं आणि ज्या दिवसांची नोंद नाही तिथे मोकळी जागा सोडतं. फक्त नोंदीचे दिवस सलग हवे असतील तर ‘टेक्स्ट अ‍ॅक्सिस’ निवडा.

देवनागरीची काळजी

चार्टमधली लेबलं मुळात ९ पॉइंटची येतात. रोमन अक्षराला ते चालून जातं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असं सगळं त्याच उंचीत कोंबलं जातं, म्हणून छापील पानासाठी किमान १० ते ११ ठेवा आणि पडद्यावर दाखवायचं असेल तर १४ च्या खाली जाऊ नका. पूर्ण चार्टची चौकट निवडून होम टॅबवरून आकार बदलला की सगळी अक्षरं एकदम बदलतात. त्याआधी चार्ट शेवटी ज्या मापाचा लागणार आहे त्या मापाचा करून घ्या. मोठा करून, चित्र म्हणून वर्डमध्ये चिकटवून मग आकसला, तर अक्षरंही आकसतात.

फॉन्ट युनिकोडचा हवा: विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, कुठेही चालणारा मोफत हवा तर नोटो सॅन्स देवनागरी. युनिकोडपूर्व जुने फॉन्ट लेबलात विशेष त्रास देतात, कारण त्यांत टक्क्याच्या किंवा कंसाच्या खुणेच्या जागी भलतंच अक्षर बसवलेलं असतं. ‘टेक्स्ट डायरेक्शन’मध्ये अक्षरं एकाखाली एक रचणारा ‘स्टॅक्ड’ पर्याय आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. शिरोरेषेचे तुकडे होतात.

पाय चार्ट

चार-पाचपेक्षा जास्त तुकडे असतील तर पाय चार्टच नको. असलाच तर लेजंड काढा, ‘कॅटेगरी नेम’ आणि ‘पर्सेंटेज’ या दोन खुणा करा, जागा ‘आउटसाइड एंड’. टक्क्यांना दशांश देऊ नका.

गूगल शीट्स आणि कॅल्क

गूगल शीट्समध्ये चार्टवर डबल क्लिक करा, ‘कस्टमाइझ’मध्ये ‘सिरीज’ उघडा आणि ‘डेटा लेबल्स’ची खूण करा. जागा, फॉन्ट आणि नंबर फॉरमॅट खालीच आहेत. सेलमधून लेबल हवं असेल तर ते तिथे सापडत नाही. ‘सेटअप’ टॅबमध्ये मालिकेच्या नावासमोरच्या तीन ठिपक्यांत ‘अ‍ॅड लेबल्स’ आहे. स्टॅक केलेल्या स्तंभाच्या बेरजेसाठी मात्र वरची कसरत लागत नाही, ‘टोटल डेटा लेबल्स’ अशी तयार खूणच दिली आहे.

लिब्रऑफिस कॅल्कमध्ये आधी चार्टवर डबल क्लिक करून संपादनाच्या अवस्थेत शिरावं लागतं. मग मालिकेवर राइट क्लिक, ‘इन्सर्ट डेटा लेबल्स’, पुन्हा राइट क्लिक, ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’. अक्षाच्या नावांसाठी तिथे एक छान सोय आहे: ‘स्टॅगर ऑड’ आणि ‘स्टॅगर ईव्हन’ या पर्यायांनी नावं एक वर, एक खाली अशी मांडली जातात आणि तिरकी करायची वेळच येत नाही.

फाइल पुढे पाठवण्याआधी मी एक चाचणी घेतो. तक्त्यातला कोणताही एक आकडा दहापट करतो आणि चार्टकडे पाहतो. स्तंभ, लेबल, बाण, बेरीज आणि शीर्षक, सगळं हललं पाहिजे. जे हललं नाही ते कोणीतरी हाताने लिहिलेलं आहे. ते सेलला बांधतो, मग कंट्रोल आणि झेड दाबून आकडा पूर्ववत करतो.